स्पर्धा वाढवा, पण पायथ्याकडून

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम स्पर्धेत २०१४ च्या हंगामापासून ४ संघ खेळत. २०२४ मध्ये ते १२ झाले आणि आता १६ किंवा २४ संघांची मागणी पुढे आली आहे. या विस्तारामागे विद्यार्थ्यांच्या हितापेक्षा दूरचित्रवाणीच्या कंत्राटांचा जोर अधिक आहे, हे उघड गुपित आहे.

नंदुरबारच्या कार्यकर्त्याला याचे काय, असे कोणी विचारील. परंतु स्पर्धा कोणासाठी वाढवायची, हा प्रश्न आपलाही आहे. आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाडूला आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशा पायऱ्या चढाव्या लागतात. सांघिक खेळांत देशाच्या चार विभागांतून सर्वसाधारणपणे प्रत्येकी ४ संघ अखिल भारतीय फेरीत जातात. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांची आणखी एक पायरी वर चढविण्यात आली. शिखर उंचावले, पायथा मात्र होता तेथेच राहिला.

पायथ्याशी काय घडते? बाद पद्धतीच्या स्पर्धेत १६ संघ उतरले, तर ८ संघांचा हंगाम एकाच सामन्यात संपतो. धडगाव वा अक्कलकुव्याचा विद्यार्थी सातपुड्याचा घाट उतरून येतो, एक सामना हरतो आणि परत जातो. क्रीडाशुल्क मात्र त्यानेही भरलेले असते. पराभवातून शिकण्याची दुसरी संधी ज्याला मिळत नाही, त्याच्या गुणवत्तेची परीक्षा झाली असे कसे म्हणावे? नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. आदिवासी पाड्यांत कस नाही, असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणालाच उरलेली नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. विस्तार हवा, पण तो पहिल्या फेरीचा. चार-चार संघांचे गट पाडून साखळी सामने खेळवावेत, म्हणजे प्रत्येक संघाला किमान ३ सामने मिळतील. खर्चाचा आक्षेप येईल. परंतु गट लगतच्या तालुक्यांचे केले, तर प्रवास थोडका होतो आणि तासही कमी बुडतात. उलट शिखरावरील प्रत्येक नवी फेरी मोजक्या संघांना दूरच्या शहरी नेते आणि त्यासाठी निधी साऱ्यांचा वापरते.

नंदुरबार जिल्ह्याची दोनतृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. येथील विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी हा प्रश्न किरकोळ मानू नये. क्रीडाशुल्काचा हिशेब महाविद्यालयाकडे मागावा आणि साखळी सामन्यांची मागणी विद्यापीठाच्या अधिसभेपर्यंत न्यावी. समान संधीची भाषा आपण सभांतून बोलतो. ती मैदानावरही खरी करून दाखविली पाहिजे.