नजर मिळवत नाही, म्हणून मी घमेंडी?

'माय नेम इज खान' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये तो आला तेव्हा शिवसेनेच्या विरोधामुळे मुंबईतल्या थिएटरांबाहेर पोलीस बंदोबस्त होता, त्यामुळेही तो अनेकांच्या लक्षात आहे. त्यातला रिझवान खान लहानाचा मोठा होतो बोरिवलीत, म्हणजे माझ्या चारकोपच्या शेजारीच. पुढे तो भावाकडे अमेरिकेला जातो आणि तिथे त्याची भावजय हसीना त्याच्या वागण्याला पहिल्यांदा नाव देते: एस्पर्जर सिंड्रोम. हा तपशील फारसा कुणाला आठवत नाही. मला मात्र सिनेमातली हीच गोष्ट सगळ्यात खरी वाटते. बोरिवलीत आई त्याच्यावर जीव टाकते, त्याच्यासाठी जगाशी भांडते, पण आपल्या मुलाला काय आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मला ते नाव वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मिळालं. तोपर्यंत इंजिनिअरिंगची पदवी झाली होती, दोन नोकऱ्या झाल्या होत्या आणि बाकी बरीच नावं मिळाली होती. शाळेत 'येडा', कॉलेजात 'रोबोट', ऑफिसात 'टीममध्ये मिसळत नाही', नातेवाइकांत 'घमेंडी'. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते माझ्यावर नाही, अम्मीच्या तरबियतवर ठेवलेलं बोट असतं.

आधी शब्दांबद्दल थोडं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये 'एस्पर्जर सिंड्रोम' हे नाव रूढ केलं, व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स एस्पर्जर यांच्या १९४४ च्या लेखावरून. २०१३ मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेने हे वेगळं नाव काढून टाकलं आणि सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम'मध्ये घेतलं. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिलं की याच एस्पर्जरने नाझी काळात काही अपंग मुलांना 'अम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवलं होतं. त्या संस्थेत शेकडो मुलं मारली गेली. म्हणून अनेक जण आता हे नाव वापरत नाहीत. माझ्या रिपोर्टवरही 'ऑटिझम स्पेक्ट्रम' आहे आणि पुढे 'पूर्वीचे एस्पर्जर' असं लिहिलं आहे. मी इथे जुनं नाव घेतो, कारण सिनेमामुळे लोकांना तेच कळतं.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. सरकारी कागदावरही हाच शब्द. पण ऐकून काय वाटतं? स्वतःतच मग्न, दुसऱ्याची पर्वा नाही. म्हणजे निदानाच्या शब्दातच आरोप. माझ्या बाबतीत खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. चार माणसांत बसलो की मला सगळंच एकदम ऐकू येतं: पंखा, कुकर, बाहेरची रिक्षा, दोन खालांचं बोलणं आणि त्यात मला विचारलेला प्रश्न. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं तर त्याचे शब्द निसटतात. शब्द नीट ऐकायचे असतील तर नजर खाली न्यावी लागते. मी खाली पाहतो ते तुमचं बोलणं ऐकण्यासाठी. लोकांना वाटतं, याला ऐकायचंच नाही.

आता चारकोपबद्दल. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने इथे छोटे छोटे प्लॉट पाडून वस्ती वसवली. मध्ये अंगण, भोवती तीसपस्तीस घरं आणि त्यांची एक सोसायटी. अशा अंगणात कुणाच्या घरी काय शिजलं तेही सगळ्यांना कळतं. त्यात आमचं घर मुसलमानाचं, अख्ख्या सोसायटीत एकच. शेजारी चांगले आहेत. ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला फराळ येतो. पण एकटं घर असलं की माणूस फक्त स्वतःपुरता राहत नाही. शेजारचा मुलगा कुणाशी न बोलता जिना चढला तर तो 'अभ्यासू' किंवा फार तर 'तुसडा'. मी तसाच चढलो तर 'ते लोक मिसळत नाहीत'. माझा स्वभाव माझा उरत नाही, तो जमातीचा होतो. अम्मी म्हणूनच मला दारातून निघताना रोज बजावायची, "हसून बोल रे, लोक काय समजतील." ती घाबरत होती आणि तिच्या भीतीला कारण होतं.

ही भीती अंगणापुरती राहत नाही. रात्रीच्या नाकाबंदीत टॉर्च डोळ्यांवर येतो, वर्दीतला माणूस मोठ्याने प्रश्न विचारतो आणि लायसन्सवर मुसलमान नाव असतं. अशा वेळी माझी बोटं आपोआप हलायला लागतात, उत्तर उशिरा निघतं, नजर जमिनीवर जाते. ऑटिझम माहीत असलेल्याला हा घाबरलेला माणूस दिसेल. माहीत नसलेल्याला काहीतरी लपवणारा दिसेल. माझ्यावर आजवर अर्धा तास बाजूला उभं राहण्यापलीकडे वेळ आली नाही. सगळ्यांचं नशीब तेवढं चांगलं नसतं. ३० मे २०२० रोजी जेरुसलेमच्या जुन्या शहरात इयाद अल-हल्लाक हा ३२ वर्षांचा ऑटिस्टिक पॅलेस्टिनी तरुण आपल्या विशेष शाळेकडे चालला होता. पोलिसांनी हटकलं, तो घाबरून पळाला आणि कचरा टाकायच्या जागेत लपला. तिथे त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याजवळ कुठलंही शस्त्र नव्हतं. २०२३ मध्ये गोळी झाडणारा पोलीस कोर्टातून निर्दोष सुटला.

म्हणजे गैरसमज ही मन दुखावण्यापुरती बाब नाही. नोकरी, लग्न आणि कधी जीव त्यावर ठरतो. मग तो दूर करायची जबाबदारी कुणाची?

आजवरचं उत्तर ठरलेलं होतं: ऑटिस्टिक माणसाची. त्याला दुसऱ्याचं मन कळत नाही, म्हणून त्यानेच शिकावं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, याला उलट प्रश्न केला. आम्हाला तुमचं मन कळत नाही हे मान्य, पण तुम्हाला तरी आमचं कुठे कळतं? दरी दोन्ही बाजूंनी आहे. २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. आठ जणांची साखळी करून एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची, आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. दोघे मिसळले तिथे ती जास्त गळत गेली. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मशीन ठीक आहेत, बिघाड दोघांमधल्या जोडणीत आहे. पण दुरुस्तीला कायम एकच मशीन उघडलं जातं.

इथे मला आपल्याच लोकांशी बोलायचं आहे. दाढी, बुरखा, आडनाव, मोहल्ला यांवरून माणसाची नियत ठरवू नका, हे आपण रोज देशाला सांगतो. घर भाड्याने मिळत नाही तेव्हा सांगतो, मुलाखतीत नाव वाचून चेहरा बदलतो तेव्हा सांगतो. ते बरोबरच आहे. मग आपल्याच घरातल्या मुलाची नियत त्याच्या नजरेवरून आणि आवाजाच्या पट्टीवरून कशी ठरवतो? सलामाला उत्तर दिलं पण हसला नाही, म्हणून बेअदब. ईदच्या नमाजनंतर गळाभेटींच्या गर्दीतून निघून गेला, म्हणून मगरूर. वलीम्यात लाऊडस्पीकर सुरू होताच कान दाबून बाहेर गेला, म्हणून नखरे. सूरह अबसा कशावरून उतरली हे मदरशात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बोलणं चालू असताना एक अंध माणूस मध्येच आला, आपला प्रश्न विचारू लागला. त्याचं येणं वेळेला धरून नव्हतं, पण त्याची ओढ खरी होती. ती सूरह त्या माणसाच्या बाजूने आहे.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं. ऑटिझमचं निदान मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच कमी होतं, आणि त्या नजरेतून सुटतात हे त्याचं एक कारण आहे. आपल्याकडे तर गप्प बसणारी, खाली बघणारी मुलगी म्हणजे शालीन, शरीफ. तिचं कौतुक होतं. सासरी गेल्यावर त्याच गप्प बसण्याला 'तोऱ्यात असते' म्हणतात, आणि तेव्हा तिच्या हातात स्वतःसाठी सांगायला एक शब्दही नसतो.

आणि काही घरांत तर निदानाआधी आमिल येतो. मूल उशिरा बोलतं, एकाच गोष्टीत रमतं, आवाजाने किंचाळतं, की 'असर' झाला. तावीज, पढलेलं पाणी, धुरी. दुआ मागणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही. पण ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे, त्याचा मोठा वाटा आनुवंशिक आहे आणि तो धुरीने उतरत नाही. लवकर ओळखलं तर बोलायला, शिकायला, स्वतःचं स्वतः करायला मदत मिळते. आमिलाकडे गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. कुणी भूत उतरवण्याच्या नावाने मुलाला मारहाण केली तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, मग मारणारा भगत असो की बाबा.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर तरुणांनी हे नीट लक्षात ठेवावं. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तो २१ प्रकारांपैकी एक आहे. तपासणीनंतर सरकारी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं, अर्ज ऑनलाइन करता येतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार अशा गटासाठी. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिस्टिक व्यक्तीला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. आणि २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की परीक्षेत लेखनिकासारखी वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांची अट लागत नाही.

आपल्यातले किती जण हे मागतात? माझ्या माहितीतल्या एका घराने मुलाचं प्रमाणपत्र कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे, बहिणीचं स्थळ मोडेल म्हणून. त्या बापाला मी दोष देत नाही. पण अशी स्थळं नेमकं कोण मोडतं, तर आपणच.

एक भ्रम मात्र काढून टाकावा. सिनेमातला रिझवान जवळपास काहीही दुरुस्त करतो आणि मी कोड लिहितो, म्हणून ऑटिझम म्हणजे लपलेली हुशारी असं नाही. काही ऑटिस्टिक माणसं बोलत नाहीत, काहींना आयुष्यभर सोबत लागते. मला आदर मिळावा तो मी पगार आणतो म्हणून, असा हिशेब झाला तर त्यांच्या वाट्याला काय येणार? आणि "तू तर तसा वाटत नाहीस" हे वाक्य कौतुक म्हणून मला ऐकवू नका. तसं न वाटण्यासाठी मी दिवसभर किती मेहनत करतो हे रात्री घरच्यांना दिसतं.

मग करायचं काय? मागणी मोठी नाही. जे सांगायचं ते सरळ शब्दांत सांगा, टोमण्यातून नको. मीटिंगमध्ये काय विचारणार ते आधी लिहून पाठवा. दावतला बोलावलंत तर थोडा वेळ शांत बसायला एक खोली असू द्या. ईदला कुणी लांबूनच सलाम केला तर तो स्वीकारा, ओढून गळ्याशी लावू नका. राग आला तर 'असा का वागलास?' हे त्यालाच विचारा, त्याच्या अम्मीला नाही. घरात एखादं मूल वेगळं वाटत असेल तर आधी सरकारी रुग्णालयात किंवा बालविकासतज्ज्ञाकडे न्या. मुंबईत उम्मीदसारख्या संस्था आणि फोरम फॉर ऑटिझमसारखे पालकांचे गट वर्षानुवर्षं हेच काम करत आहेत. आणि हा लेख वाचताना स्वतःचंच वर्णन वाचल्यासारखं वाटलं असेल, तर वय कितीही असो, तपासून घ्या. निदान झाल्यावर माझ्यात काहीच बदललं नाही, पण अम्मीने दारात उभं राहून "हसून बोल" म्हणणं बंद केलं. आता कुणी 'तुमचा मुलगा बोलत नाही' म्हणालं, की ती त्यांना बसवते, चहा देते आणि ऑटिझम म्हणजे काय ते समजावून सांगते.