विश्लेषण : ‘एक थेंबही गुजरातला नाही’ म्हटल्याने चांदवडला पाणी मिळते का?

चांदवडमध्ये पाऊस कुठे पडला यावर ते पाणी कोणत्या समुद्राला जाणार हे ठरते. राहुड घाटाच्या उत्तरेला पडलेला थेंब गिरणेतून तापीला आणि सुरतमार्गे अरबी समुद्राला मिळतो. सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिणेला पडलेला थेंब गोदावरीतून तेलंगण, आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे एकाच तालुक्यातले पाणी दोन वेगवेगळ्या आंतरराज्य खोऱ्यांच्या हिशेबात मोडते. आणि तालुका मात्र अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हा भूगोल शिकवावा लागत नाही.

चांदवडचा थेट संबंध येतो तो तिसऱ्या एका नदीशी, पारशी. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी वलसाडजवळ समुद्राला मिळते. दिंडोरी तालुक्यातील मांजरपाडा प्रकल्पात याच खोऱ्यातले पाणी बोगद्यातून पूर्वेकडे वळवून पुणेगाव धरणात आणले जाते. तिथून कालव्याने चांदवड तालुक्यातील दरसवाडी धरण आणि पुढे येवल्यातील डोंगरगाव. विशेष म्हणजे यात पंप नाही. पाणी उताराने वाहते, त्यामुळे वीजबिल नाही. कांद्याच्या पट्ट्यासाठी ही सर्वांत स्वस्त योजना, पण तिच्यातून मिळणारे पाणीही मर्यादितच.

मोठे पाणी कुठे अडले?

3 मे 2010 रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात करार झाला. दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या दोन नदीजोड योजनांचे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करायचे, एवढाच त्याचा विषय. कोणाला किती पाणी, हा आकडा नंतर ठरायचा होता. बांधकाम क्षेत्रात काम केलेला कोणीही सांगेल, की नकाशा आधी आणि जागेची मालकी नंतर, अशा क्रमाने इमारत उभी राहत नाही.

झालेही तसेच. पारचे पाणी घ्यायचे तर त्याच्या बदल्यात तापी खोऱ्यात आम्हाला पाणी द्या, अशी महाराष्ट्राची मागणी होती. चर्चा पुढे सरकेना. 2019 मध्ये राज्य सरकारने आपल्या हद्दीतले पाणी स्वखर्चाने राज्यातच वळवण्याची भूमिका घेतली. फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पार-तापी-नर्मदेचे नाव पुन्हा आले आणि दक्षिण गुजरातमधील आदिवासी रस्त्यावर उतरले. मे 2022 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनीच योजना मागे घेत असल्याचे जाहीर केले. योजनेतील सात धरणांपैकी सहा त्यांच्या हद्दीत होती. सातवे, झरी, नाशिक जिल्ह्यात.

आपल्याकडे या सगळ्याचा अर्थ ‘गुजरातने पाणी पळवले’ एवढाच काढला गेला. पण पाणी पळवायला धरण लागते आणि तिथे एकही झालेले नाही. पार आजही आपल्या मार्गाने गुजरातेत जाते. ‘एक थेंबही देणार नाही’ ही घोषणा दीड दशकात अनेक सभांत टाळ्या घेऊन गेली. नदीला ती ऐकू गेलेली दिसत नाही.

मग राज्यांत जमते कधी?

नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण जवळचे आहे. गोदावरीवरच्या या 2.74 टीएमसीच्या बंधाऱ्याला आंध्र प्रदेशाने विरोध केला. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2,831 कोटी लिटर.) 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याला मान्यता दिली, पण अटी तारखांसह घातल्या: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतील आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. नांदेडचे शेतकरी यावर खूश नाहीत. ऐन पावसाळ्यात दरवाजे उघडे, मग अडवायचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तरीही दरवाजे कधी उघडायचे यावरून दरवर्षी नवे भांडण होत नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी मेगा रिचार्ज योजनेवर सह्या केल्या. एकूण 31.13 टीएमसी, त्यातले 11.76 मध्य प्रदेशाला आणि 19.36 महाराष्ट्राला. कामाला किती वर्षे लागतील हा भाग वेगळा. मात्र इथे वाटणीचा आकडा आधी लिहिला गेला.

पारबाबत महाराष्ट्राने दुसरा रस्ता धरला. ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 7,015 कोटी रुपयांच्या नार-पार-गिरणा योजनेला मंजुरी दिली. नऊ धरणे, 9.19 टीएमसी पाणी. ते सह्याद्री चढवून गिरणा खोऱ्यात आणायचे, म्हणजे उपसा आलाच. बांधकामाच्या खर्चाची चर्चा झाली. पंप दरवर्षी चालवण्याचा खर्च शेवटी कोणाच्या पाणीपट्टीत येणार, यावर फारसे कोणी बोलत नाही.

आणि ज्यांच्या जमिनीवर धरणे होणार ते सुरगाणा-पेठचे लोक? धो-धो पावसाच्या या पट्ट्यातही उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलोन् मैल चालावे लागते. 2022 च्या अखेरीस सुरगाण्यातील काही गावांनी रस्ते आणि पाणी मिळत नसेल तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, असे म्हटले होते. पाणीवाटपाच्या बैठकीत दोन राज्यांच्या खुर्च्या असतात. तिसरी खुर्ची या गावांची हवी, तीही भूसंपादनाच्या नोटिसा निघण्याआधी.

चांदवडपुरते बोलायचे, तर नार-पारचे पाणी गिरणेच्या बाजूला उतरणार आहे. डोंगराच्या दक्षिणेकडील गावांची भिस्त पुणेगाव-दरसवाडी कालव्यावरच राहील. मांजरपाड्याचे पाणी पावसाळ्यात येते, कांद्याला ते लागते रब्बीत. त्यामुळे दरसवाडीत ऑक्टोबरअखेर किती साठा उरतो, हा आकडा इथल्या शेतकऱ्याने दरवर्षी विचारायला हवा.