उर्दू येणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी पदवी

आमच्या धारूरचा किल्ला अली आदिलशहाचा सरदार किश्वर खान याने सोळाव्या शतकात बांधला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि 1631 मध्ये मुघलांनी जिंकला. हा इतिहास मुख्यतः फारसीत आहे. तो वाचणारे कमी आणि त्यावरून वाद घालणारे जास्त झालेत.

आपल्याकडे पदवी झाली की मुलं बी.एड. करतात आणि पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसतात. वारसा व्यवस्थापनात एम.ए. करता येतं, हे बहुतेक पालकांच्या गावीही नसतं. अहमदाबाद युनिव्हर्सिटीत ही पदवी मिळते. जुन्या वास्तूची नोंद कशी करायची, ती जपायची कशी, त्यात गावाला सोबत कसं घ्यायचं, हा तिचा विषय.

उर्दू शाळेतल्या मुलांना यात मोठी सोय आहे. ग. ह. खरे यांनी फारसी शिकून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली. आपल्या मुलांना लिपी पहिलीपासूनच येते, मराठीही येते. फारसी आणि मोडी तेवढी शिकायची. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा तर नागपुरातच आहे.

नोकऱ्या मोजक्या आहेत, खर्चही आहे. म्हणून सगळ्यांनी जावं असं मी म्हणणार नाही. पण तालुक्यातून एखादी मुलगी जरी गेली, तरी ‘किल्ला कुणाचा’ या भांडणात दगडावरचं वाचून सांगणारं कुणीतरी गावात असेल.