ठळक अक्षरांतील आकड्यांची धास्ती

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला की नजर प्रथम जाते ती ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे. सत्तर-ऐंशी चाचण्यांची ‘पॅकेजेस’ घरपोच मिळू लागल्यापासून असा एखादा तरी आकडा नसलेला अहवाल दुर्मीळ झाला आहे. त्यामागे आजारापेक्षा गणिताचा वाटा मोठा आहे.

बहुतेक चाचण्यांची ‘सामान्य मर्यादा’ निरोगी व्यक्तींपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यांवरून ठरते. उरलेले पाच टक्के निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही किमान एक आकडा ठळक होण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. हे पॅकेज विकणाऱ्याने सांगावे, अशी अपेक्षा अर्थातच नाही.

उलट, जो आकडा खरोखर बोलका असतो, तो दुर्लक्षिला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांत रक्तक्षय आढळला. ‘बायकांचे हिमोग्लोबिन कमीच असते’, एवढ्यावर घरोघरी हा विषय संपतो. वास्तविक त्याच अहवालात तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे ‘एमसीव्ही’, दिलेला असतो. तो कमी असल्यास बहुधा लोहाची कमतरता असते. पण थॅलेसेमिया मायनरमध्येही पेशी लहानच दिसतात. तेथे लोहाच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, आणि जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते.

दुसरी गल्लत साखरेच्या बाबतीत होते. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी ५.७ ते ६.४ टक्के आली, की मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. परंतु शरीरात लोह कमी असल्यास हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून ५.९ पाहून भात सोडणाऱ्या गृहिणीने आपले हिमोग्लोबिनही पाहायला हवे, आणि उपाशीपोटीची साखर तपासून डॉक्टरांचे मत घ्यायला हवे.

जुने अहवाल मात्र जपून ठेवावेत. पन्नाशीतील पुरुषाचे हिमोग्लोबिन दोन वर्षांत १५.५ वरून १३.२ वर आले, तरी दोन्ही आकडे मर्यादेतच असल्याने ठळक अक्षर कोठेही दिसणार नाही. आतड्यातून नकळत होणाऱ्या रक्तस्रावाची पहिली खूण मात्र अशीच घसरण असू शकते.