बॉनेट बंद, तरी गाडी म्हणते 'उघडं आहे'! स्विच बदलण्याआधी मीटर लावायला सांगा

बॉनेट नीट बंद केलंय, तरी डॅशबोर्डवर ते उघडं असल्याची सूचना. सिग्नलला ऑटो स्टार्ट-स्टॉप चालत नाही. कधी मध्यरात्री अलार्म वाजतो आणि अख्खी सोसायटी जागी होते. अशा वेळी संशय बॉनेट स्विचवर जातो आणि गॅरेजमध्ये दोन उपाय सुचवले जातात: नवा स्विच बसवा किंवा वायर जोडून 'बायपास' करा. माझ्या मते न तपासता केलेला पहिला उपाय म्हणजे पैशांचा जुगार आणि दुसरा थेट धोकादायक.

सर्किट साधंच असतं

अनेक गाड्यांत या स्विचला दोनच वायरी असतात. एक अर्थिंगची, दुसरी बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे लॉक, दिवे सांभाळणाऱ्या संगणकाकडे जाते. बॉनेट उघडलं की स्विचची स्थिती बदलते आणि मॉड्यूलला ते कळतं. बंद बॉनेटला सर्किट जोडलेलं असतं की तुटलेलं, हे मात्र मॉडेलनुसार बदलतं. त्यामुळे वायरिंग डायग्राम हवाच.

आधी मीटर नको, डोळे वापरा. डेंटिंगच्या कामानंतर बॉनेट किंचित वर राहिलं, तर चांगला स्विचही दाबला जात नाही. कनेक्टरमध्ये हिरवट गंज आहे का, उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही पाहा. पावसाळ्यात ही दोन्ही कारणं हमखास!

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून स्विच हाताने दाबायचा. स्थिती बदलली, तर सर्किट ठीक; दोष बॉनेटच्या बसण्यात असू शकतो. बदलली नाही, तर कनेक्टर काढून मल्टिमीटरने स्विचची कंटिन्युइटी बघायची. दाबल्या-सोडल्यावर फरकच पडत नसेल, तर स्विच गेला. फरक पडत असेल, तर नवा स्विच घेऊन काहीही साधणार नाही.

आता वायरिंग. इग्निशन चालू ठेवून कनेक्टरच्या सिग्नल पिनवर व्होल्टेज मोजायचं, मीटरचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. ते सहसा 5 किंवा 12 व्होल्टच्या आसपास मिळतं. शून्य आलं, तर वायर तुटली आहे, शॉर्ट आहे किंवा मॉड्यूलमध्ये दोष आहे. व्होल्टेज आहे, पण दुसरं टोक कनेक्टरच्याच अर्थ पिनला लावल्यावर गायब होतंय? मग अर्थिंग तुटलंय. अवघ्या काही मिनिटांचं काम, पण त्यासाठी मीटर बाहेर काढावा लागतो ना!

'बायपास' नको

ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत बॉनेट उघडं असताना इंजिन आपोआप सुरू होऊ नये, यासाठी बहुतेक वेळा हाच स्विच पहारा देतो. तो कायमचा 'बंद' दाखवायला लावला, तर मेकॅनिकचा हात फॅनबेल्टजवळ असताना इंजिन सुरू होण्याची शक्यता उरते. शिवाय चोराने बॉनेट उचकटलं, तरी अलार्म गप्प.

गाडी देताना जॉब कार्डवर 'स्विच बदला' असं लिहून घेऊ नका, 'सर्किट तपासा' असं लिहून घ्या. बिलात नवा स्विच दिसला, तर जुन्याचं रीडिंग काय आलं होतं ते विचारा आणि जुना स्विच मागून घ्या.