गाडी मोठी झाली, थांबे राहू द्या

ग्वाल्हेरच्या छोट्या गाडीविषयी हल्ली दोन सूर कानी पडतात. एक हळहळीचा: दोन फुटी रुळांवरून श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर डुलत जाणारी गाडी गेली आणि शहराचा एक दागिना हरपला. दुसरा उत्साहाचा: रूळ रुंद होत आहेत, आता वेग पाहा! मी पडलो गाण्याचा मास्तर. रेल्वेतले याला काय कळते, असे कोणी म्हणेल. परंतु या गाडीने माझ्या वर्गात वर्षानुवर्षे विद्यार्थी आणून सोडले, तेव्हा दोन शब्द बोलण्याचा हक्क मी घेतो.

हळहळणाऱ्या मंडळींशी माझे जमत नाही. गाडीच्या टपावर दाटीने बसलेल्या माणसांची छायाचित्रे पाहुण्यांनी कौतुकाने काढून नेली. टपावर कोणी हौसेने बसत नसे. आत जागा नसे म्हणून बसत. श्योपूर गाठायला दहा तासांहून अधिक वेळ लागे. आजारी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याने त्या संथपणात काव्य कोठे शोधावे?

पण त्या गाडीत एक मोठा गुण होता. ती थांबे. घोसीपुरा, मोतीझील, बानमोर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, आणि मध्ये कितीतरी अशी ठिकाणे, की जिथे फलाट म्हणजे निव्वळ मातीचा उंचवटा. ज्या गावाला दुसरे कोणी विचारीत नव्हते, त्याच्या दारी ती दम खाई.

ही लाईन माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीतली. भिंड आणि शिवपुरीकडे गाडी 1899 मध्ये सुरू झाली, श्योपूरला ती 1909 मध्ये पोचली. याच माधवरावांच्या आश्रयाने भातखंड्यांनी 1918 मध्ये येथे संगीत विद्यालय काढले. माझे वडील राजवाड्यातले तबलजी. संस्थान गेल्यावरही सणासमारंभाला त्यांना बोलावणे येई. जयविलासात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची चिमुकली आगगाडी आहे, तिच्याबद्दल ते म्हणत, "सरकारांची एक गाडी पाहुण्यांच्या पानापुढे थांबते, दुसरी गरिबाच्या दारापुढे. दोन्हींचे काम एकच, वाढण्याचे."

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीबरोबर छोटी गाडी थांबली, ती पुन्हा निघालीच नाही. माझ्याकडे कैलारसच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी रविवारी शिकायला येत असे. गळा गोड, यमन नुकता बसू लागलेला. टाळेबंदी उठली, वर्ग भरू लागला. तिच्या वडिलांनी दोन-तीनदा बसने आणले. मग बस बदलण्याची यातायात, परतीच्या बसची धास्ती, दोघांचे भाडे, असे करता करता येणे सुटले. आता ती संसारात आहे असे कळते. तालीम अर्धी राहिली, याचा सल मला अजून आहे.

पुढे सुमावली, जौरा, कैलारस अशा टप्प्यांनी मोठ्या रुळांवर मेमू गाडी धावू लागली. मी तिचे मनापासून स्वागत करतो. तिला इंजिन वेगळे नसते. डब्यांखालच्या विजेच्या मोटारी तिला ओढतात, दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. त्यामुळे ती चटकन वेग घेते, चटकन थांबते, आणि परतताना इंजिन फिरविण्याचा खटाटोप उरत नाही. म्हणजे थांबे घेण्यासाठीच जणू ती घडविली आहे! असे असता, वेळ वाचविण्याकरिता लहान ठाणी गाळावीत असा विचार कोठे डोके वर काढत असेल, तर तो मला अजब वाटतो. गवई द्रुत लयीत शिरतो तेव्हा त्रितालाच्या सोळा मात्रा सोळाच राहतात. चार मात्रा गाळून लवकर समेवर येणाऱ्याला आम्ही बेताला म्हणतो.

आणखी एक गोष्ट. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला स्थानकात दुसरा रूळ लागतो. तो ठिकठिकाणी घातला नाही, तर रूळ कितीही रुंद असोत, दिवसाकाठी गाड्या मोजक्याच निघणार. वेग ताशी किती, हे ऐकून आपण माना डोलावतो. फेऱ्या किती, आणि कोणत्या वेळी, हे विचारायचे विसरतो. खेड्यातल्या माणसाला सकाळी शहरात आणणारी आणि दिवे लागायच्या सुमारास परत नेणारी एक जोडी हवी. दुपारी बाराला येऊन एकला परतणारी गाडी वाऱ्यासारखी धावली तरी तिचा उपयोग काय? आणि तिकीट असे हवे, की बापाला मुलीबरोबर यायला दोनदा विचार करावा लागू नये.

माझा रविवारचा वर्ग दहाला भरतो. वेळापत्रक बांधणाऱ्यांनी गाडीची सोयीची वेळ कळवावी; मी वर्ग अकराला नेईन, नाहीतर नऊला आणीन.