इलाज आहे, पण वेळ कोठे आहे?

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा एखादा लहानसा समूह बिघडावा, त्याने प्रतिपिंडांचे सदोष तुकडे रक्तात सोडावेत, आणि त्या तुकड्यांचे न विरघळणारे तंतू हृदयात, मूत्रपिंडांत व मज्जातंतूंत निमूटपणे साचत जावेत, अशी लाइट चेन अमायलॉइडोसिस या विरळा व्याधीची रीत आहे.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेल्फालन आणि प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण अठरा महिन्यांच्या आत दगावले होते. पुढे बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड व डेक्सामेथासोन ही त्रयी आली. आणि २०२१ साली जाहीर झालेल्या ३८८ रुग्णांच्या ‘अँड्रोमेडा’ चाचणीत, या त्रयीला प्रारंभापासूनच डाराटुमुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी ५३ टक्क्यांच्या रक्तातून त्या सदोष प्रथिनाचा माग नाहीसा झाला, तर केवळ त्रयीवर विसंबलेल्यांत हे प्रमाण १८ टक्केच राहिले. हा विजय मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु ज्यांचे हृदय आधीच अतिशय खालावले होते, त्यांना या चाचणीत दाखल करून घेतलेच नव्हते. सबब हे आकडे वेळेत पोहोचलेल्यांचे आहेत. औषध नव्या तंतूंचा पुरवठा तोडते, साचलेला गाळ उपसत नाही. तो हळूहळू हटवण्याचे काम शरीरावरच पडते, आणि तेवढी मुदत थकलेल्या हृदयापाशी उरलेली नसते.

महागड्या डाराटुमुमॅबसाठी सरकारी तजवीज व्हावी, ही मागणी रास्तच आहे. मात्र पायांची सूज वयाच्या खाती, लघवीचा फेस मधुमेहाच्या खाती आणि धाप अशक्तपणाच्या खाती जमा करून रुग्णाला या दारातून त्या दारी पाठवण्यात जे महिने सरतात, त्यांची भरपाई कोणतीही तजवीज करू शकत नाही. इकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड दिसाव्यात आणि ईसीजीवरच्या रेषा मात्र बुटक्या निघाव्यात, जीभ सुजावी, डोळ्यांभोवती कारणाविना काळेनिळे डाग उमटावेत, मधुमेह नसलेल्याच्या लघवीतून प्रथिने वाहावीत, यांपैकी काहीही आढळताच रक्तातील फ्री लाइट चेनची आणि रक्त-लघवीच्या इम्युनोफिक्सेशनची तपासणी त्याच आठवड्यात लिहून द्यावी, आणि तीत दोष निघाल्यास बायोप्सीचा तुकडा काँगो रेडने रंगवून पाहण्यास विलंब लावू नये, अशी माझी वैद्यकवर्गाला कळकळीची विनंती आहे.